आधी मदत, मग जाब?

७ जानेवारी २०२५ च्या सकाळी लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला पॅसिफिक पॅलिसेड्सच्या टेकड्यांवर वणवा पेटला. त्याच संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्टाडेना गावाच्या डोक्यावर असलेल्या ईटन कॅन्यनच्या तोंडाशी दुसरा भडकला. ३१ जानेवारीला दोन्ही पूर्णपणे आटोक्यात आले, तोवर एका बाजूला सुमारे २३ हजार आणि दुसऱ्या बाजूला १४ हजार एकर जमीन जळाली होती, १६ हजारांहून अधिक इमारतींची राख झाली होती. मृतांचा अधिकृत आकडा पुढे ३१ वर गेला. राख गरम असतानाच तिथे एक वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणत होता, आधी माणसांना उभं करा, कारणांचा काथ्याकूट नंतर. दुसरा म्हणत होता, कारणांचा जाब आत्ताच विचारला पाहिजे. हा वाद त्या शहरापुरता नाही. हवामानाच्या प्रत्येक आपत्तीनंतर तो होतो आणि बहुतेक वेळा पहिला पक्ष जिंकतो. इथे दोन्ही पक्ष समोरासमोर बसवले आहेत. पूर्वपक्षाला त्याचं म्हणणं पूर्ण जोरानं मांडू दिलं आहे, कारण त्यात तथ्य आहे आणि ते मांडणारी माणसं सहृदय असतात. माझा कौल उत्तरपक्षाकडे आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. कारणांचा शोध हा मदतीचाच भाग आहे. तो वगळून केलेली मदत अपुरी पडते आणि तिची पावती शेवटी पुढच्या आपद्ग्रस्ताच्या नावावर फाडली जाते.

पूर्वपक्ष : घर जळालेल्या माणसाला पहिल्यांदा काय लागतं? रात्रीपुरतं छप्पर, अंगावर कपडे, रोजची औषधं, मुलांना शाळा आणि हातात थोडे पैसे. त्याच्यापुढे जागतिक तापमानवाढीचे आलेख धरणं हे त्याच्या दुःखाचं भांडवल करणं आहे. डोंगरावर धूर होता तेव्हाच तिथल्या पुढाऱ्यांनी एकमेकांवर दोषारोप सुरू केले. त्यातून एकाही कुटुंबाला भाड्याची खोली मिळाली नाही. प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते. आग विझू द्या, माणसं सावरू द्या, मग चौकशी आयोग नेमा, खटले भरा, परिषदा घ्या. त्या वेळी आम्हीही तुमच्या बरोबर असू.

उत्तरपक्ष : पहिल्या रात्रीबद्दल आपलं एकमत आहे. निवारा, अन्न आणि औषध यांच्या आड कोणताही वाद येता कामा नये. पण तुम्ही म्हणता तशी कारणांची चर्चा खरंच थांबलेली असते का? पाच दिवसांनी, १२ जानेवारीला, दोन्ही आगी जळत असतानाच कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी आदेश काढला. जळालेली घरं पुन्हा बांधताना पर्यावरण-आढावा आणि किनारपट्टीच्या परवानग्या लागणार नाहीत, असं त्यात होतं. हेतू चांगलाच होता, लोकांना लवकर घरी परतता यावं. तरी या आदेशाने एक मोठा निर्णय घेऊन टाकला : त्याच जागी, जवळजवळ त्याच आकाराचं घर, शक्य तितक्या लवकर. त्या जागी आग का लागते आणि पुन्हा लागली तर काय, याचं उत्तर त्यात न बोलता देऊन झालं होतं. पहिल्या आठवड्यात कारणांबद्दलचे निर्णय होतच असतात. आपण गप्प बसलो तर ते आपल्याला वगळून होतात, एवढाच फरक पडतो.

दुसरं उदाहरण मृतांचं आहे. ईटनची आग संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला लागली. अल्टाडेनातल्या लेक अ‍ॅव्हेन्यू या रस्त्याच्या पूर्वेकडच्या वस्तीला त्याच संध्याकाळी बाहेर पडण्याचे आदेश मिळाले. पश्चिमेकडच्या वस्तीला ते पहाटे तीननंतर मिळाले, म्हणजे आग लागल्यावर सुमारे नऊ तासांनी. ईटनच्या आगीत गेलेली जवळजवळ सगळी माणसं या पश्चिम भागातली होती आणि त्यांत वृद्ध, आजारी, स्वतःहून घराबाहेर पडू न शकणारे बरेच होते. आदेशाला उशीर का झाला हा प्रश्न त्या घरांतल्या लोकांच्या दृष्टीने राजकारणाचा नाही. त्यांना हवी असलेली पहिली मदत तीच आहे, कारण वारा पुन्हा सुटणार आहे आणि ती माणसं अजून तिथेच आहेत.

तिसरं उदाहरण मातीचं. राडारोडा उचलण्याचं काम लष्कराच्या अभियंता दलाकडे होतं. जळालेल्या घराच्या जागेवरचा वरचा सुमारे सहा इंचांचा थर ते खरवडून नेत होते. कॅलिफोर्नियात आधीच्या मोठ्या आगींनंतर अशी सफाई झाली की खालची माती प्रयोगशाळेत तपासून मगच जागा मालकाच्या ताब्यात देण्याचा प्रघात होता. या वेळी केंद्राच्या आपत्ती यंत्रणेनं ती तपासणी करायला नकार दिला. अल्टाडेनातली बहुतेक घरं जुनी होती आणि अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. पत्रकारांनी आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी आपापले नमुने तपासले तेव्हा काही ठिकाणच्या मातीत राज्याच्या मर्यादेपेक्षा जास्त शिसं सापडलं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं किती घातक आहे हे वेगळं सांगायला नको. काय जळलं आणि त्यातून काय उरलं हे न विचारता केलेली सफाई कागदावर पूर्ण दिसते, पण अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती अर्धीच असते. शिवाय पुरावा थांबून राहत नाही. ढिगारे उचलले की तोही उचलला जातो. ‘नंतर’ म्हणणाऱ्याला नंतर विचारण्यासारखं फारसं हाती उरत नाही.

पूर्वपक्ष : ठीक, स्थानिक चुकांचा जाब विचारा. पण तुम्ही तिथून थेट हवामानबदलावर उडी मारता. दक्षिण कॅलिफोर्नियातले सांता आना हे कोरडे, जोरदार वारे आजचे नाहीत. १९६१ मध्ये बेल एअरच्या आगीत पाचशेच्या आसपास घरं गेली, तेव्हा तापमानवाढ कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. या वेळी काय झालं ते बघा. पॅलिसेड्समधले हायड्रंट, म्हणजे आग विझवण्यासाठीचे रस्त्याकडेचे नळ, कोरडे पडले. ११.७ कोटी गॅलन पाण्याचा सांता यनेझ जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा होता. तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे पॅलिसेड्सची आग म्हणजे नववर्षाच्या पहाटे मुद्दाम लावलेल्या एका छोट्या आगीचे धुमसत राहिलेले निखारे, आणि त्याबद्दल एकाला अटकही झाली आहे. यात कार्बन डायऑक्साइड कुठे आला? हवामानाचं नाव पुढे केलं की महापौर सुटतात, पाणीपुरवठा खातं सुटतं, वीज कंपनी सुटते. सगळ्यांची पापं एकाच गंगेत धुतली जातात.

उत्तरपक्ष : तुमची शेवटची भीती रास्त आहे. हवामानबदलाची ढाल करून नाकर्तेपण लपवलं जातं आणि ते उघडं पाडलंच पाहिजे. पण त्यासाठी आगीची कारणं सुटी करून पाहावी लागतात. ठिणगी, जळण, वारा आणि घर या चार गोष्टी एकत्र आल्या की वस्ती जळते. ठिणगी माणसाची असते, कधी तारेची, कधी काडीची. वारा तिथला जुनाच आहे आणि सांता आना वारे तापमानवाढीमुळे वाढले असं ठामपणे म्हणता येत नाही. बदल दिसतो तो जळणात आणि त्याच्या वेळापत्रकात. २०२२-२३ आणि २०२३-२४ हे लागोपाठ दोन हिवाळे भरपूर पावसाचे गेले, त्यामुळे टेकड्यांवर गवत आणि झुडपं माजली. नंतर मे २०२४ पासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत लॉस एंजेलिसच्या मध्यभागी जेमतेम काही मिलिमीटर पाऊस झाला. तिथे एरवी नोव्हेंबर-डिसेंबरचा पाऊस झुडपं ओली करतो, त्यामुळे त्यानंतर सुटणाऱ्या जोरदार वाऱ्यांना जाळायला फारसं काही मिळत नाही. या वेळी तो पाऊस आलाच नाही आणि डोंगरमाथ्यावर ताशी १३० किलोमीटरच्या पुढे गेलेले झोत वाळून कोळ झालेल्या रानावर येऊन आदळले. हवा एक अंश तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे ओल्या वर्षी पाऊस जास्त कोसळतो आणि कोरड्या वर्षी तीच हवा झाडाझुडपांतली ओल जास्त शोषून घेते.

त्या महिन्याच्या अखेरीस ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटानं आपला अभ्यास मांडला. मानवनिर्मित तापमानवाढीमुळे अशा अग्निपोषक हवामानाची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी आणि तीव्रता सुमारे सहा टक्क्यांनी वाढली, आणि तिथला कोरडा हंगाम सुमारे २३ दिवसांनी लांबला, असं त्यात आहे. आकड्यांतली अनिश्चितताही त्यांनी लपवली नाही. हवामानबदलानं ही आग लावली असं कोणताही जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. आग लागण्याजोगे दिवस त्याने वाढवले, एवढंच म्हणणं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. जंगलांच्या बाबतीत हा हिशेब आणखी स्पष्ट आहे. अबात्झोग्लू आणि विल्यम्स या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की १९८४ नंतरच्या तीन दशकांत पश्चिम अमेरिकेतलं जळालेलं वनक्षेत्र तापमानवाढीमुळे जवळपास दुप्पट झालं. अर्थात तिथेही दुसरं कारण आहेच. अमेरिकेच्या वनखात्यानं १९३५ पासून लागलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवण्याचं धोरण धरलं. त्याआधी १८५० च्या कायद्यानं कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या गवत जाळण्यावर निर्बंध आणले होते. कारुक आणि युरोक लोक पिढ्यान्‌पिढ्या थोडं थोडं रान जाळून मोठा वणवा टाळत आले होते. ते ज्ञान गुन्हा ठरलं आणि उत्तरेच्या जंगलांत जळण साचत गेलं. पण हा उपाय लॉस एंजेलिसच्या झुडपी टेकड्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तिथली झुडपं आधीच गरजेपेक्षा जास्त वेळा जळत आहेत. कारणं नीट शोधली नाहीत तर औषधही चुकतं, ते असं.

आता हायड्रंट. शहराची पाण्याची जाळी एका वेळी दोन-चार घरांची आग विझवायला बांधलेली असते. शेकडो घरं एकदम पेटली, प्रत्येक घराची नळजोडणी फुटून पाणी वाहू लागलं आणि वाऱ्यामुळे विमानं-हेलिकॉप्टरं जमिनीवर राहिली, की दाब टिकत नाही. जलाशय रिकामा ठेवण्याचा जाब विचाराच. पण हवामान बदललं आणि नगररचना जुन्या हवामानाच्या भरवशावर चालत राहिली, ही दोन कारणं एकमेकांची स्पर्धक नाहीत. हायड्रंट कोरडा पडला तिथे दोन्ही एकाच वेळी दिसली. महापौरांना विचारायचा प्रश्न वेगळा आणि तेल कंपन्यांना विचारायचा वेगळा, पण एक विचारला म्हणून दुसरा रद्द होत नाही.

पूर्वपक्ष : इथेच खरा मतभेद आहे. घर जळतं अल्टाडेनात आणि तुम्ही दावा लावता तेल कंपन्यांवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! लॉस एंजेलिस हे मोटारींवर उभं राहिलेलं शहर आहे. ज्याचं घर जळालं त्यानंही आयुष्यभर पेट्रोल जाळलं आहे. सगळेच दोषी असतील तर कोणा एकाला आरोपी करणं हा दांभिकपणा नाही का? आणि न्यायालयात वर्षं जातात. तोवर भाडं कोण भरणार?

उत्तरपक्ष : जाब विचारल्यानं पैसे मिळतात की नाही, हे पाहायला आधीचं एक उदाहरण घेऊ. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज हे गाव जळालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून अधिक इमारती गेल्या. तपास एका लोखंडी हुकापाशी येऊन थांबला. १९२१ च्या सुमाराला उभारलेल्या वीजवाहिनीच्या मनोऱ्यावर विद्युतरोधकांची माळ इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या एका आकड्यात अडकवलेली होती. वाऱ्यानं माळ हलायची आणि लोखंडावर लोखंड घासायचं. जवळजवळ शंभर वर्षं घासून तो आकडा झिजत झिजत तुटला, तार मनोऱ्याला लागली आणि ठिणग्या खालच्या वाळल्या गवतावर पडल्या. मनोऱ्यावर चढून तो आकडा वेळीच पाहिला असता तर झीज डोळ्यांना दिसली असती. पीजी अँड ई या वीज कंपनीनं जून २०२० मध्ये ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. या आणि कंपनीशी जोडलेल्या आधीच्या आगींतल्या आपद्ग्रस्तांसाठी १,३५० कोटी डॉलर्सची तडजोड झाली ती कारणाचा माग असा कंपनीपर्यंत नेला म्हणून. देणग्या आणि सहानुभूती यांतून एवढी रक्कम कधीच उभी राहिली नसती.

तरीही ती गोष्ट तिथे सुखानं संपत नाही. त्या रकमेतली निम्मी कंपनीच्या शेअर्सच्या रूपानं होती. म्हणजे ज्यांची घरं कंपनीमुळे जळाली त्यांना स्वतःच्या भरपाईसाठी त्याच कंपनीची भरभराट चिंतावी लागली. २०१९ मध्ये राज्यानं पुढच्या आगींसाठी २,१०० कोटी डॉलर्सचा निधी उभारायचं ठरवलं, त्यातला निम्मा भाग भागधारकांचा आणि निम्मा वीजग्राहकांच्या बिलातून येणारा. ईटनच्या आगीबाबत १९७१ पासून वापरात नसलेल्या एका वाहिनीकडे संशयाचं बोट गेलं आहे. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या कंपनीविरुद्ध केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये दावा दाखल केला आहे. दोष ठरवणं न्यायालयाचं काम आहे. पण कंपनी दोषी ठरली तरी भरपाईचा मोठा भार याच निधीवर येणार.

आता ‘तोवर भाडं कोण भरणार’ या तुमच्या प्रश्नाकडे येऊ. वाटणीचा हिशेब आजच चालू आहे, पण तो कोणी ‘जाब’ या नावानं ओळखत नाही. स्टेट फार्म या विमा कंपनीनं आगीच्या आदल्या वर्षीच कॅलिफोर्नियातल्या ७२ हजार पॉलिसींचं नूतनीकरण करणार नसल्याचं जाहीर केलं होतं आणि त्यांत पॅलिसेड्समधल्याही होत्या. ज्यांना कोणी विमा देईना ते ‘फेअर प्लॅन’ या शेवटच्या आधाराकडे गेले. आगीनंतर तोही अपुरा पडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्यासाठी विमा कंपन्यांकडून १०० कोटी डॉलर्स गोळा करण्याची परवानगी मिळाली आणि त्यातला निम्म्यापर्यंतचा भार कंपन्यांना आपल्या ग्राहकांवर टाकण्याची मुभा होती. मे महिन्यात स्टेट फार्मला घरांच्या हप्त्यांत तात्पुरती १७ टक्के वाढ मंजूर झाली. आग विझवायला हजाराहून अधिक कैदी जवान राबत होते. त्यांची मूळ रोजी दिवसाला सहा ते दहा डॉलर्सच्या आसपास होती. तेव्हा पैसे कोणी भरायचे याचा निकाल लागलेलाच आहे : ज्यांचं घर जळालं नाही ते हप्त्यातून भरतात, वीजग्राहक बिलातून, करदाते करातून आणि कैदी अंगमेहनतीतून. या यादीत तेवढे तेल उत्पादक नाहीत.

पेट्रोल आम्हीही जाळलं, हे खरंच आहे. पण जाळणारा आपला वाटा वर सांगितलेल्या सगळ्या मार्गांनी देतो आहे. विकणारा देत नाही, आणि त्याचा दोष नुसतं विकण्यापुरता नाही. एक्सॉनच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तापमानवाढीची भाकितं केली होती. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार त्यांतली ६३ ते ८३ टक्के पुढच्या प्रत्यक्ष तापमानाशी जुळली. आत हे ज्ञान होतं आणि बाहेर कंपनी वर्षानुवर्षं शंका पेरत होती. ग्राहकापाशी ते ज्ञान नव्हतं आणि पर्यायी वाहतूक उभारण्याची ताकदही नव्हती. ज्याच्याकडे ज्ञान, ताकद आणि नफा तिन्ही होतं त्याची जबाबदारी जास्त, हे न्यायाचं साधं तत्त्व आहे. कॅलिफोर्नियानं सप्टेंबर २०२३ मध्ये पाच तेल कंपन्यांवर आणि त्यांच्या संघटनेवर दावा लावला. लॉस एंजेलिसच्या आगीनंतर त्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, आपद्ग्रस्तांना आणि विमा कंपन्यांना तेल कंपन्यांकडे भरपाई मागता यावी असं विधेयक आलं, पण ते समितीच्या पुढे सरकलं नाही. व्हर्मांट आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २०२४ मध्ये मोठ्या उत्सर्जकांकडून निधी वसूल करण्याचे कायदे केले. हे मार्ग लांबचे आणि अवघड आहेत. पण लांबच्या वाटेवर आज पाऊल टाकलं नाही तर दहा वर्षांनंतरचा आपद्ग्रस्तही ‘तोवर भाडं कोण भरणार’ हेच विचारत राहील.

पूर्वपक्ष : एक कटू प्रश्न विचारतो. पॅलिसेड्स ही तारेतारकांची, कोट्यधीशांची वस्ती. समुद्राचा देखावा हवा म्हणून ज्यांनी पेट घेणाऱ्या डोंगरात घरं बांधली, त्यांच्यासाठी जगानं का हळहळावं? कारणांचाच विचार करायचा तर ती माणसंही कारण आहेत. त्यांना पुन्हा तिथेच बांधायला मदत करणं म्हणजे पुढच्या आगीची तयारी नाही का?

उत्तरपक्ष : कारणांचा विचार आपद्ग्रस्ताला शिक्षा करण्यासाठी वापरला की तो भरकटतो. पॅलिसेड्समध्ये मोबाइल होम पार्कही होते, जिथे मर्यादित उत्पन्नाची निवृत्त माणसं राहत आणि तेही जळाले. अल्टाडेनाची कहाणी तर वेगळीच आहे. कृष्णवर्णीयांना घरकर्ज नाकारणाऱ्या आणि ठरावीक वस्त्यांत कोंडणाऱ्या धोरणांच्या काळात ज्या थोड्या जागी त्यांना स्वतःचं घर घेता आलं, त्यांत पश्चिम अल्टाडेना होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांना अल्टाडेनातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ४८ टक्के घरं नष्ट झालेली किंवा मोठं नुकसान झालेली आढळली. इतरांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के होतं. त्या घरांमागे समुद्राचा देखावा हे कारण नव्हतं. दुसरीकडे दारं बंद होती, हे होतं. त्याखेरीज एक वर्ग जळालेल्या घरांच्या यादीत दिसतच नाही : त्या घरांत भाड्यानं राहणारे, तिथे झाडलोट करणाऱ्या बायका, बागकाम करणारे माळी, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या परिचारिका. एका रात्रीत त्यांची रोजची कामं गेली. त्यांतले कागदपत्रं नसलेले स्थलांतरित केंद्राच्या रोख मदतीला सहसा पात्र ठरत नाहीत. पॅसाडेनाच्या रोजगार केंद्रातले रोजंदारी मजूर मात्र पहिल्या दिवसांतच झाडू-फावडी घेऊन रस्ते मोकळे करायला बाहेर पडले होते.

पुन्हा बांधायचं की नाही, या प्रश्नाला ‘बांधा’ आणि ‘निघून जा’ एवढी दोनच उत्तरं नाहीत. कॅलिफोर्नियानं २००८ पासून धोक्याच्या भागातल्या नव्या घरांना कडक बांधकाम नियम लावले. घरं बहुधा ज्वाळांच्या भिंतीनं पेटत नाहीत, उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. ते निखारे पोटमाळ्याच्या झरोक्यातून आत शिरतात, पन्हाळीतल्या पाचोळ्यावर पडतात, भिंतीला टेकलेल्या झुडपावर पडतात. झरोक्याला बारीक जाळी, न पेटणारं छप्पर, भिंतीपासून पाच फुटांत जळण्याजोगं काही न ठेवणं, असे हे उपाय आहेत. पॅरडाइजमधल्या घरांची पत्रकारांनी तपासणी केली तेव्हा २००८ नंतर बांधलेल्यांपैकी सुमारे ५१ टक्के घरं शाबूत होती आणि आधीच्यांपैकी सुमारे १८ टक्के. या फरकात शेकडो कुटुंबांचे संसार आहेत. तरीही जिथे धोका टाळताच येणार नाही तिथली जमीन योग्य किमतीला सरकारनं विकत घ्यावी आणि लोकांना शहरात परवडणारी घरं द्यावीत. हा निर्णय आज विमा कंपन्यांच्या हप्त्यांवर सोपवला आहे. हप्ता गरिबाला ‘निघ’ म्हणतो, पण कुठे जायचं ते सांगत नाही. श्रीमंताला तो फक्त थोडा महाग पडतो.

पूर्वपक्ष : मान्य करतो की कारणं न पाहता मदत आंधळी होते. पण एक व्यावहारिक धास्ती उरतेच. प्रत्येक मदतफेरीला तुम्ही कारणांचं पत्रक जोडलंत तर देणारे हात आखडतील. आणि पुण्यात किंवा पणजीत बसलेल्या माणसाचा या सगळ्याशी संबंध काय?

उत्तरपक्ष : देणाऱ्यापुढे अट ठेवा असं मी म्हणत नाही. ज्याला फक्त चादरी द्यायच्या आहेत त्यानं त्या द्याव्यात आणि त्याचे आभार मानावेत. पण जे निधी जमवतात, वाटतात आणि धोरणं ठरवतात त्यांच्यासाठी तीन कसोट्या असाव्यात. मदत घरमालकाइतकीच भाडेकरूपर्यंत आणि मजुरापर्यंत पोचते का? कॅमेरे गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती टिकते का? आणि तिच्यामुळे पुढची आपत्ती लहान होते का? तिसरी कसोटी लावली की कारणांचा प्रश्न आपोआप येतो. तो टाळणारी मदत पहिल्या दोन कसोट्यांवरही हळूहळू उणी पडते, कारण दर वर्षी आपत्ती नवी आणि झोळी तीच.

आणि संबंध आहे, सरळ आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अशाच पावसात २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. आपल्याकडेही मंत्री पोचले, पंचनामे झाले, मदत जाहीर झाली. माधव गाडगीळ यांच्या समितीनं पश्चिम घाटाबद्दल दिलेला इशारा मात्र २०११ पासून फायलीतच आहे. पॅलिसेड्सच्या रहिवाशाला निदान विमा, वकील आणि राज्याचा खजिना आहे. तळियेच्या शेतकऱ्याच्या नावावर उत्सर्जन जवळजवळ नाही आणि त्याच्यापाशी यांतलं काहीच नाही. अशांसाठी २०२२ च्या शर्म अल-शेख परिषदेत ‘हानी व नुकसान’ निधी मान्य झाला, २०२३ मध्ये तो प्रत्यक्षात आला. अमेरिकेनं त्यात १ कोटी ७५ लाख डॉलर्स देऊ केले आणि मार्च २०२५ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये राख उपसणं चालू असतानाच, त्या निधीच्या मंडळातून अंग काढून घेतलं.

म्हणून अल्टाडेनात कोणी विचारतं की या आगीची किंमत ज्यांनी ती वाढवली त्यांनी का भरू नये, तेव्हा ते माणूस नकळत कोकणातल्या दरडग्रस्ताची बाजूही मांडत असतं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या, कर भरणाऱ्या आणि मत देणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे तिथे उच्चारावं, इथल्यांनी इथे. नुकसान वाढवणाऱ्यानं नुकसानीत वाटा उचलायचा, हे तत्त्व एका जागी मान्य झालं की दुसऱ्या जागी नाकारणं अवघड जातं. दिलेली प्रत्येक चादर आणि प्रत्येक डॉलर मोलाचा आहे. पण आपद्ग्रस्ताचा हक्क त्याहून मोठा आहे. आपलं घर का गेलं याचं उत्तर मिळणं, त्याची भरपाई जबाबदाराकडून मिळणं आणि शेजाऱ्याचं घर त्याच कारणानं जाणार नाही याची हमी मिळणं, हा तो हक्क. मदत या तिन्हींपर्यंत पोचत नाही तोवर ती अपुरी आहे, आणि ती पुरी करण्याचं काम पहिल्या दिवसापासूनच हाती घेतलं पाहिजे.